आमच्या नाक्यावरचा ‘पास’

गोष्टींचं राबाच्या टहाळासारखं असतं. माणूस जमीन भाजायला एकेक फांदी तोडून खाचरात टाकत जातो, तेव्हा काही वाटत नाही. चैत्रात बघावं तर पुरुषभर ढीग झालेला असतो. आमच्या घरात ‘पास’ ह्या एका इंग्रजी शब्दाच्या गोष्टी अशाच साचल्या. पाहुणा आला, चूल पेटली, की एक निघते आणि तिच्या शेपटाला धरून दुसरी.

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. इंग्रजी म्हणाल तर हा एवढाच शब्द मला येतो. पण शिकलेल्याला येणार नाही असा येतो, कारण आम्ही त्याच्यावरच जेवलो.

तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं. मोखाड्याची बाजू इंग्रजांची, तिला खालसा म्हणायचे. दोन्हींच्या हद्दीवर, खोडाळ्याच्या वाटेला, संस्थानच्या जंगल खात्याचा नाका होता. नाका म्हणजे काय, तर दोन मेढी, त्यांच्यावर एक आडवा बांबू आणि बाजूला कारवीच्या कुडाची आमची झोपडी. तिथं माझा बा, लहानू, शिपाई होता. संस्थानच्या रानातलं लाकूड हद्दीबाहेर न्यायचं तर जव्हारच्या ऑफिसातून पास काढावा लागे. गाडी आली की बा बांबूवर हात ठेवून एकच शब्द बोलायचा, “पास?” पास असला की बांबू वर. नसला की गाडी मागं.

बाला वाचता येत नव्हतं, पण त्याचं काही अडत नव्हतं. ऑफिसातले म्हातारे कारकून, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, पास लिहून झाला की कागदाच्या कडेला कात्रीनं दातरे पाडत. जितकी लाकडं तितके दातरे. सागाचे डावीकडे, बाकी झाडांचे उजवीकडे. बा त्यावरून अंगठा फिरवायचा, गाडीतली लाकडं मोजायचा, झालं काम.

आजाची जमीन चुलत्यांकडं गेलेली. नाका होता म्हणून छप्पर होतं आणि मागच्या उतारावर चार मुठी नागली पेरता येत होती. नाका गेला तर कुठं जायचं, हे आमच्या घरात कुणी बोलत नसे.

*

वरच्या पाड्यावर सोमाकाका राहायचा. त्याची लेक हद्दीपलीकडं खालशात दिलेली. तिच्या घराला द्यायला म्हणून त्यानं ऐनाच्या चार मेढींचा पास काढला. जन्मात पहिल्यांदा कागद हाती आला, त्यावर राजाचा शिक्का. त्यानं तो घरी नेऊन कणसरीच्या टोपलीत ठेवला. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी, टोपलीत भातावर बसते. मग मेढी गाडीत घालून आला नाक्यावर.

“पास?”

“घरी देवापाशी हाय.”

“इथं लागतो, काका.”

“इथं कसा आणू? राजाचा शिक्का हाय त्याच्यावर. घामाच्या हातानं मळवू?”

बानं गाडी मागं धाडली. सोमाकाकानं भगताला विचारलं. भगत म्हणाला, देवीच्या टोपलीत गेलेली वस्तू नवं धान्य खाईपर्यंत बाहेर निघत नाय. नवं यायला अजून चार महिने होते.

तिसऱ्या दिवशी बघतो तर पुढं भगत, त्याच्या मागं डोक्यावर टोपली घेतलेली सोमाकाकाची बायको आणि तिच्या मागं मेढींची गाडी. अख्खी देवीच नाक्यावर आली होती. बानं मुंडासं काढलं, हातपाय धुतले. भगतानं नारळ फोडला. बानं टोपलीत वाकून दातऱ्यांवरून अंगठा फिरवला. चार. बांबू वर गेला.

भगत म्हणाला, “लहानू, कामाला पक्का हायस. मग देवीचा पास नाय विचारलास तो?”

बा म्हणाला, “देवी इथूनच परत घरी जाणार हाय ना? मग नाय लागत.”

*

मोठी लढाई लागली त्या सालात ह्या शब्दाला दुसराच वास आला. जव्हारला पलटणीत भरती करणारी माणसं आली. डॉक्टर छाती मोजायचा, दात बघायचा, पाठीवर टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, “पास.” पास झालेल्याला खाकी कपडे. आमच्या शेजारच्या पाड्यातला देवका उंच, रुंद, सांबरासारखा. त्याची आय बुधीआजी. सगळे आपल्या पोराच्या भल्याचा नवस बोलतात, हिनं हिरवा देवापुढं कोंबडा कबूल केला, “देवा, माझा पोर नापास होऊ दे.”

देवका पास झाला.

भरतीची पोरं आमच्याच वाटेनं इगतपुरीला आगगाडीवर निघाली. बुधीआजी त्यांच्या आधी येऊन नाक्यावर बसली. बाला म्हणाली, “लहानू, बांबू खाली घे. त्याला सोडू नको.”

“आजी, बांबू लाकडासाठी हाय. माणसाला अडवायचा हुकूम नाय.”

म्हातारीनं बांबूवरून हात फिरवला. मग म्हणाली, “म्हणजे राजाच्या रानात झाड होऊन जन्मावं. जाताना कुणीतरी विचारतं तरी.”

पोरं गेली. त्या दिवसापासून तिनं बाशी बोलणं टाकलं. बाजाराला जाता-येता बांबूजवळून जायची, पण मान वळवायची नाही. बा दर वेळी म्हणायचा, “आजी, पाणी पिऊन जा.” ती पुढं निघून जायची. अशी दोन वर्षं गेली.

मग एके दिवशी दुपारी देवका आला, त्याच वाटेनं. एक कान बहिरा, पण सगळा आला. बातमी कळून आजी पाड्यावरून धापा टाकत उतरली. पोराला हात लावून बघितलं, केसांपासून नखांपर्यंत. मग पहिल्यांदा बाच्याकडं तोंड केलं.

“आता घे बांबू खाली,” म्हणाली.

*

त्याच्या पुढल्या पावसाळ्यानंतर जंगलाचे नवे रेंजरसाहेब आले, नाशिककडचे. खाकी कोट, पायात बूट. माणूस वाईट नव्हता. त्याला सगळं कागदावर लिहिल्यासारखं हवं असायचं, एवढंच. भाऊसाहेब तेव्हा म्हातारपणानं घरी बसले होते. साहेबांनी पहिला पास हातात घेतला आणि विचारलं, “हा कागद उंदरानं कुरतडलाय का?”

दातरे बंद झाले. हुकूम निघाला की खाडाखोड केलेला पास चालणार नाही आणि नाक्यावरच्या शिपायाला वाचता आलंच पाहिजे. शिमग्याच्या आधी जव्हारला परीक्षा. पास होईल तो राहील. नापास होईल त्यानं शिमग्याला नाका खाली करायचा, झोपडीसकट.

हुकूम सांगायला आलेला शिपाई पाणी पिऊन गेला. आय नागली दळत होती, ती थांबली नाही. जात्याच्या आवाजातच म्हणाली, “इतकी वर्षं तू दुनियेला पास मागितलास. आता तुझ्याकडं मागतायत.”

बा म्हणाला, “मागू दे. त्यांचं कामच हाय.”

पण त्या दिवशी त्यानं भाकरी अर्धीच खाल्ली.

*

खोडाळ्याला एक मास्तर होते. बाजाराच्या दिवशी बा त्यांच्याकडं शिकायला जाऊ लागला. हे मास्तर ‘फायनल पास’, म्हणजे मराठी सातवीची मोठी परीक्षा झालेले. त्यांच्या लग्नाची गोष्ट सगळा बाजार सांगायचा. मुलगी मागायला गेले तेव्हा मुलीच्या बापानं विचारलं, “पोरगा काय करतो?” मध्यस्थ म्हणाला, “फायनल पास आहे.” त्या माणसाचा जन्म लाकडाच्या गाड्या हाकण्यात गेलेला. तो म्हणाला, “मुदत कधीपर्यंत?”

मध्यस्थ हसला, “विद्येच्या पासाला मुदत नसते हो, मामा.”

“मुदत नाय असा पास मी बघितला नाय. पोरगी देतो, पण दोन वर्षांनी येऊन बघून जाईन.”

आणि खरंच दोन वर्षांनी बघायला गेला. मास्तर सांगायचे, “सासरे आले, घर बघितलं, लेकीच्या हातच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि जाताना म्हणाले, ‘चालू हाय.’”

तर ह्या मास्तरांनी बाला पाटी दिली. म्हणाले, “लहानू, पहिला शब्द कमळ.”

बा म्हणाला, “मास्तर, कमळाचा पास कोण काढतं? मला साग शिकवा.”

मास्तर शहाणे. त्यांनी साग शिकवला. मग ऐन, खैर, हेद, शिवण, कळंब. मग आकडे. बा घरी येऊन कुडावर कोळशानं लिहायचा. एका भिंतीवर सगळं रान उभं राहिलं. मी आणि आय लाकडं घेऊन आलो की बा भिंतीकडं बोट करून विचारायचा, “हे काय?” मला काय कळणार? मी आपली मोळीकडं बघून सांगायची. मोळीत ऐन असला की ऐन.

आयनं एकदा विसरून ती भिंत शेणानं सारवली. बा परत आला, बघत राहिला. आय म्हणाली, “काय झालं?”

“काय नाय. खैराचं बन गेलं.”

*

घरात तर तो शब्द मिठासारखा झाला. आय तव्यावरची भाकरी उलटायची, फुगली की म्हणायची “पास”, करपली की माझ्या ताटात. कोंबडी खुराड्याच्या दारात अडली की मी तिला पास विचारायची. पण एकदा बाच्या तोंडून तो सवयीनं भलत्या वेळी निघाला.

थंडीचे दिवस होते, भात झोडायचे. संस्थानच्या बाजूनं एक नवी सून आली, चिमी नावाची. एकटी, डोक्यावर गाठोडं. माहेर तिचं सूर्यमाळला. आमच्याकडं नवी सून माहेरी जायची तर भाऊ न्यायला यावा लागतो. भावावाचून एकटी निघाली म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. बा बसल्या जागी कोळशानं शिवण लिहीत होता. पावलं वाजली तशी त्यानं मान वर न करताच विचारलं, “पास?”

ती तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. “माझा भाऊ मेला, काका,” म्हणाली. “आता मला न्यायला कोण येणार?”

आयनं तिला पाणी दिलं, मागच्या अंगणात बसवलं. तिच्या हातावर चुलीतल्या लाकडाचे डाग होते, ते आयनं बघितले आणि माझ्याकडून एरंडाचं तेल मागून घेतलं. बानं हातातला कोळसा खाली ठेवला. मग उठून बांबू वर केला. गाडी नव्हती, लाकूड नव्हतं, ती बाजूनं सहज गेली असती. तरी त्यानं बांबू वर केला आणि ती वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.

तासाभरानं तिची सासू आली, सोबत दोन माणसं घेऊन. “लहानू, माझी सून गेली का इथून?”

“गेली.”

“आणि तू जाऊ दिलंस? भाऊ नाय, काय नाय?”

बा म्हणाला, “पास होता तिच्यापाशी.”

“कुणी दिला?”

“ते विचारायचा मला हुकूम नाय.”

*

माघ संपला आणि बा जव्हारला परीक्षेला गेला. धुतलेलं धोतर, आयनं शिवलेली बंडी. मीही सोबत गेले, ऑफिसच्या पडवीत बसले. आत टेबलामागं साहेब. त्यांनी समोरच्या गठ्ठ्यातला एक छापील कागद उचलून बापुढं धरला.

“वाच.”

बानं कागद दोन्ही हातांनी धरला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा वरून सुरुवात केली. पडवीत बसलेल्या मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

“साहेब,” तो म्हणाला, “ह्यात झाड नाय.”

“झाड? झाडाचा काय संबंध? लिहिलंय ते वाच.”

“झाडं येतात मला. सागापासून हेदापर्यंत. आकडे येतात. ह्यात एक पण झाड नाय.”

तो देवीची लस टोचण्याचा कुठलासा जाहीरनामा होता. साहेबांनी कागद परत घेतला, वहीत काहीतरी लिहिलं. “नापास,” म्हणाले. रागानं नाही, साधंच म्हणाले. “शिमग्याला नाका खाली कर.”

येताना बा पुढं, मी मागं. घाट चढताना फक्त एकदा थांबला, रस्त्याच्या कडेच्या झाडावर हात ठेवून म्हणाला, “हा हेद.” मी म्हणाले, “हां, बा.”

*

शिमग्याला चार दिवस राहिले होते. आय अंगणात बसून मडकी सुंभानं बांधत होती. भांडी थोडी, पण नीट बांधली की वाटेत फुटत नाहीत. चुलत्यांकडं ओसरी तरी मिळेल का, हे विचारायला उद्या जायचं ठरलं होतं.

उन्हं कलली तशी जव्हारकडून एक बैलगाडी आली. मागं घोड्यावर रेंजरसाहेब. रजेवर गावी चालले होते. गावी घर बांधायला काढलेलं, त्यासाठी गाडीत सागाचे वासे. गाडीवाला लांबूनच ओरडला, “लहानू, बांबू वर घे, साहेबांची गाडी हाय.”

बा बांबूजवळ गेला. त्यावर हात ठेवला.

“पास?”

आयच्या हातातलं सुंभ थांबलं. गाडीवाला हसला, मग हसायचा थांबला. साहेब घोड्यावरून खाली उतरले.

“लहानू, पास मीच देतो. माहीत आहे ना?”

“व्हय, साहेब. म्हणून तर आपल्यापाशी असणार.”

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग कोटाच्या खिशातून पासाचं बुक काढलं. त्यात एकच पान उरलं होतं. ते गाडीच्या साट्यावर ठेवून त्यांनी लिहिलं, सही केली, फाडून बाच्या हातात दिलं.

बानं ते वाचायला घेतलं. मी आजवर पुष्कळांना वाचताना बघितलं, पण तसं कुणाला नाही. बोट एकेका अक्षरावर ठेवायचा, ओठ हलवायचा, पुढं जायचा, परत मागं यायचा. साहेब उन्हात उभे. घोडा शेपटीनं माशा मारत होता. गाडीवाल्यानं बैलांना वैरण टाकली, त्यांनी ती खाऊन संपवली.

“सा…ग,” बा म्हणाला. मग, “नग… सहा.”

मग पास बंडीत ठेवून गाडीच्या मागं गेला, वाशांच्या टोकांना हात लावून मोजायला लागला. मोजून झालं. पुन्हा मोजलं.

“साहेब, सात हायत.”

“सहा आहेत. मी स्वतः मोजून घातलेत.”

बानं वाशांच्या खाली बोट दाखवलं. वासे हलू नयेत म्हणून गाडीवाल्यानं खाली हातभर लाकूड दाबून बसवलं होतं.

“तो टेकू आहे,” साहेब म्हणाले.

“व्हय. पण टेकू पण सागाचाच हाय.”

साहेबांनी हात पुढं केला. “आण तो पास. सहाचे सात करतो.”

बानं बंडीवर हात ठेवला. “साहेब, खाडाखोड केलेला पास चालत नाय.”

“कोण म्हणालं?”

“आपला हुकूम हाय. शिपाई येऊन सांगून गेला.”

गाडीवाला माझ्या आयकडं बघत होता, आय जमिनीकडं. मग साहेबांनी कोट काढला, घडी करून घोड्याच्या खोगिरावर ठेवला आणि बाह्या वर सारल्या. बानं ओढ्यातून एक चपटा दगड आणला. साहेबांनी आणि गाडीवाल्यानं वासे उचलून धरले, बानं टेकू ओढून काढला आणि त्याच्या जागी दगड सरकवला. हलवून बघितलं. पक्का बसला होता. टेकू त्यानं झोपडीच्या कुडाला नीट उभा करून ठेवला.

बांबू वर गेला. गाडी हद्द ओलांडून गेली.

साहेब घोड्यावर चढले, दोन पावलं गेले आणि वळले.

“लहानू, त्या टेकूसाठी मी माणूस पाठवीन. शिमगा झाल्यावर. त्याच्याकडचा पास नीट वाचून घे, मगच सोड.”